मागच्या ॲक्सलचे ऑइल सील पुन्हा पुन्हा गळत होते: दुरुस्तीनंतरचा अनुभव

आमची व्हॅन जुन्या बांधणीची आहे: इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना आणि मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आस. कराडहून माल भरून कुंभार्ली घाट उतरताना डाव्या मागच्या चाकाकडून घरघर येत असे आणि ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढत असे. ऑइल सील, म्हणजे ॲक्सलमधले तेल चाकाकडे येऊ न देणारी कडी, बदलले की काही आठवडे बरे जात, मग ड्रमच्या खालच्या कडेला पुन्हा तेल दिसू लागे.

गॅरेजने क्राउन-पिनियन (इंजिनाची ओढ चाकांकडे वळवणारी, ॲक्सलमधली गिअरची जोडी) गेल्याचे सांगितले, पण ते पटण्यासारखे नव्हते. क्राउन-पिनियनचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलतो. इथे गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडली तरी घरघर कायम राहून वेगाबरोबरच मंदावत होती. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला तरी सूर तोच, म्हणून टायरवरचा संशयही फिटला. मग मागची बाजू स्टँडवर घेऊन एका हाताने चाक फिरवले व दुसरा पाट्यावर टेकवला, तेव्हा डावीकडची खरखर बोटांना स्पष्ट जाणवली.

म्हणजे डाव्या चाकाचे बेअरिंग गेले होते, हे खरे. मात्र त्यातले ग्रीस धुऊन नेणारे तेल सीलमधून का येत होते, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर हाउसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या आवरणाच्या) माथ्यावर, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या करंगळीच्या पेराएवढ्या टोपीत सापडले. ती बोटांनी सहज फिरायला हवी. आमची वाळलेल्या चिखलाने जाम झाली होती. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिला वाट नसेल तर ती तेलाला सीलबाहेर ढकलते, त्यामुळे सील कितीही चांगल्या प्रतीचे घातले तरी टिकणार कसे? शिवाय चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर सील घासते तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली होती, म्हणून बेअरिंग आणि सीलबरोबर शाफ्टही बदलला, ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) तेलाने खराब झाले होते म्हणून दोन्ही बाजूंचे नवे घातले आणि गिअर ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरले.

त्यानंतर अख्खा पावसाळा आणि हिवाळा गाडी त्याच घाटात चालली. ड्रम उघडून पाहिला तेव्हा आत लायनरची कोरडी धूळ होती, तेलाचा थेंबही नव्हता. ब्रेक सरळ लागतात. खर्च क्राउन-पिनियनच्या अंदाजापेक्षा बराच कमी आला, जरी शाफ्ट मिळवायला वाट पाहावी लागली. उजवे बेअरिंग मात्र अजून जुनेच आहे आणि हल्ली भरल्या गाडीत त्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू येते, तेव्हा येत्या पावसाआधी तेही सीलसकट बदलून घेणार आहे.