बंबलबी गोबी की पीकॉक गोबी?

गोड्या पाण्याच्या टँकसाठी गोबी, म्हणजे तळाशी वावरणारे छोटे मासे, शोधणारे बहुतेक जण फिरून फिरून याच दोन नावांपाशी येतात. मी दोन्ही पाळल्या आहेत, म्हणून अनुभवाचं तेवढं सांगतो.

आधी नावांचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ‘बंबलबी गोबी’ हे काही एकाच माशाचं नाव नाही. ब्रॅकिगोबियस वंशातल्या, बहुतेक आग्नेय आशियातल्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अनेक जाती याच नावाने विकल्या जातात. लांबी जेमतेम तीन-चार सेंटीमीटर. नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखणं मला तरी जमलेलं नाही. काही जाती खारफुटीच्या मचूळ, म्हणजे थोड्या खारट पाण्यातल्या, तर काही दलदलीतल्या, कोऱ्या चहाच्या रंगाच्या गोड्या पाण्यातल्या. म्हणजे टँकमध्ये मीठ घालायचं की नाही, हे नावावरून कळतच नाही. माझ्या बंबलबी ‘गोड्या पाण्यातल्या’ म्हणून मिळाल्या होत्या. दोन आठवडे कोपऱ्यात दबून बसल्या आणि पाणी हळूहळू किंचित मचूळ केल्यावर बाहेर फिरायला लागल्या. तुमच्या तशाच असतील असं मात्र नाही.

पीकॉकच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. टाटेउर्न्डिना वंशात ही एकच जात आहे. पापुआ न्यू गिनीच्या पूर्व भागातले ओढे आणि तळी हे तिचं घर, आणि पाणी गोडं. काटेकोर बोलायचं तर ही गोबी नव्हेच, गजन (gudgeon) नावाच्या जवळच्या गटातली आहे. बहुतेक खऱ्या गोबींचे पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते, हिचे सुटे असतात. म्हणून पीकॉक काचेला चिकटत नाही, पाण्यात तरंगत राहते. बंबलबीचं ते चिकटून बसणं मात्र खरंच बघण्यासारखं असतं. बाहेरून भिंगाने पाहिलं की पोटाची पारदर्शक वाटी काचेवर दाबून बसलेली स्पष्ट दिसते.

माझा निर्णय झाला तो खाण्यावरून. बंबलबी कोरडं खाणं जवळपास खातच नाहीत. पेलेट, म्हणजे कोरड्या खाण्याचा दाणा, नाकासमोरून खाली जातो, डोळा त्याच्यामागे फिरतो, तोंड काही उघडत नाही. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) वळवळणारी पिल्लं सोडा, तीच मासळी झटक्यात पुढे येते. त्यामुळे रोज अंडी उबवून आर्टेमिया काढणं आलं: मिठाच्या पाण्याची बाटली, एअर पंप, दिवसभराहून जास्त वाट, मग गाळणं आणि धुणं. एक बाटली बिघडली की दुसरी तयार होईपर्यंत मासे उपाशी. पहिले काही महिने मला यात मजा वाटली. मग एकदा तीन दिवस बाहेर जावं लागलं. मागे राहिलेल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे पेलेट अगदी वेळच्या वेळी टाकले होते. परत आलो तेव्हा आठही माशांची पोटं आत गेलेली आणि तळाशी पेलेटचा बुरशी आलेला थर. दोन मासे वाचले नाहीत. फ्रोझन खाण्यावर बंबलबी वळवणारे लोक आहेत, त्यांच्या चिकाटीचं मला कौतुकच आहे. माझ्या सहापैकी दोनच वळल्या.

पीकॉकनेही पहिल्या आठवड्यात पेलेट तोंडात घेऊन थुंकले. फ्रोझन ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) लगेच खाल्ले, आणि त्यातच थोडे पेलेट मिसळत गेल्यावर महिन्याभरात नुसते पेलेटही खायला लागल्या. जिवंत खाणं दिलं तर रंग जास्त खुलतो, पण ते नसलं तरी हाल होत नाहीत.

जागेचा विचार करायचा तर पारडं बंबलबीकडे झुकतं. लहान टँकमध्ये त्यांचा कळप छान राहतो, फक्त लपायला शिंपले-दगड भरपूर हवेत, नाहीतर एकमेकींचे पर कुरतडतात. पीकॉक दुपटीने मोठी होते, थोडी जास्त जागा मागते आणि उडी मारते, म्हणून झाकण घट्ट हवं.

रोज आर्टेमिया काढायची तयारी असेल तर बंबलबी जरूर घ्या, फक्त मासे आणण्याआधी दोन आठवडे बाटल्या चालवून बघा. नाहीतर मी पीकॉकची जोडी सुचवेन. मादीचं पोट नारिंगी झालं की टँकमध्ये एक अरुंद नळी ठेवा. माझ्या नराने नळीच्या छताला चिकटलेल्या अंड्यांना आठवडाभर परांनी वारा घातला, मादीलाही जवळ फिरकू दिलं नाही.