एक्सजे-एस व्ही१२ की ९२८ एस? आधी पुढच्या दोन प्लगचं बोलू

जॅग्वार एक्सजे-एस एचई (१९८५) घेऊन वर्ष होत आलं. गॅरेजचं भाडं ज्याच्याबरोबर वाटून घेतलंय त्या मित्राकडे १९८२ची पोर्शे ९२८ एस आहे. आम्ही दोघं स्टुटगार्टला राहतो आणि गाड्यांची अदलाबदल सारखी चालू असते, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

दोन्हींची ताकद ३०० अश्वशक्तीच्या आसपास. ९२८चा गिअरबॉक्स मागे असल्याने वजन छान विभागलंय, ती वळणात चिकटून जाते. जॅग्वारला तीनच गिअर, तेही ऑटोमॅटिक. पण ऑटोबानवर १४०ला गप्पा मारताना आवाज चढवावा लागत नाही.

आता मुद्द्याचं. थंडी सरता सरता आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) बारीक थरथर जाणवू लागली. बारा सिलिंडरांत एखादा रुसला तर पटकन कळतही नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘स्पार्क प्लग १२’ असं स्वच्छ लिहिलेलं. पुढचे दोन प्लग एसीच्या कॉम्प्रेसरखाली दडलेले असतात. वायरी काढून टॉर्च आणि आरसा घातला. मागच्या दहांचं पोर्सेलिन पांढरंशुभ्र; या दोघांच्या कडा गंजलेल्या आणि भोवती तेलकट मातीचा थर. कुणाचा हातच लागला नव्हता!

सर्व्हिसिंग करणारा गॅरेजवाला म्हणतो, “तिथपर्यंत कुणीच जात नाही.” मग बिल कसं गेलं तिथपर्यंत? बरीच हुज्जत घातल्यावर दोन प्लगचे पैसे परत मिळाले. मजुरीचा विषय त्याने काढू दिला नाही.

त्या आठवड्यात हे लिहायला बसलो असतो तर डोळे मिटून ९२८ घ्या म्हटलं असतं. तिचे आठही प्लग हाताशी आहेत.

शेवटी एका शनिवारी मीच हात घातला. इंजिन पूर्ण गार हवं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात. एसीच्या नळ्या न सोडवता कॉम्प्रेसर मोकळा करून कलता केला आणि पान्याच्या लहान एक्स्टेन्शनला युनिव्हर्सल जॉइंट (वाकडा फिरणारा सांधा) लावून दोन्ही जुने प्लग बाहेर, नवे आत. थरथर गायब. कॉम्प्रेशन १२.५:१, म्हणजे सिलिंडरात मिश्रण इतकं दाबणाऱ्या इंजिनात प्लगचे लाड करावेच लागतात.

नेमका तेव्हाच मित्राच्या ९२८चा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलायला आला. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही सोबत बदलला. त्या बिलात माझे प्लग जन्मभर आले असते. जॅग्वारला चेन आहे, हा खर्चच नाही. पत्रा मात्र ९२८चाच: झिंकचा मुलामा, दारं नि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं. एच नंबरप्लेटमुळे (जर्मनीत जुन्या, जपलेल्या गाड्यांना मिळते ती) दोघींचा रोड टॅक्स सारखाच, वर्षाला १९१.७३ युरो. माझी शंभर किलोमीटरला १८ लिटर पिते. घरी हा आकडा सांगितलेला नाही.

तरी जॅग्वारच ठेवतोय. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला) लागून आहेत आणि त्यांचे पॅड उन्हाळ्यात बदलावे लागतील. या खेपेला लिफ्टखाली मीही उभा राहणार, जुने पॅड हातात घेतल्याशिवाय बिल भरणार नाही.