दुसऱ्या पर्वाचा ब्लू-रे संच : डेटाच्या खटल्यासाठी अवश्य घ्यावा असा

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा ब्लू-रे संच डिसेंबर 2012 मध्ये बाजारात आला. या पर्वातले सगळे भाग सारख्या तोलामोलाचे नाहीत. 1988 च्या लेखकांच्या संपाचा फटका बसून ते 22 भागांतच आटोपले. तरीही हा संच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, ते फेब्रुवारी 1989 मध्ये प्रथम दाखवल्या गेलेल्या ‘द मेजर ऑफ अ मॅन’ या भागासाठी.

डेटा हा यंत्रमानव अधिकारी स्टारफ्लीटच्या, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाच्या, मालकीची वस्तू, की स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क असलेली व्यक्ती, हा या खटल्यातला वाद आहे. पटकथाकार मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत असत. 1857 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाला नागरिक मानण्यास नकार देऊन त्याची स्वातंत्र्याची मागणी फेटाळली. त्याच निकालावरून स्नॉडग्रास यांना हे कथानक सुचले. हे ठाऊक असले की जहाजावरचे मद्यगृह चालवणारी गायनन आणि डेटाची बाजू मांडणारा कॅप्टन पिकार्ड यांचा संवाद अधिकच बोचतो. वापरून टाकून देण्याजोग्या जीवांच्या पिढ्यांविषयी ती शांतपणे बोलत राहते, आणि ‘गुलामगिरी’ हा शब्द अखेर पिकार्डच्याच तोंडून बाहेर पडतो.

मला त्याहून अस्वस्थ करतो तो जहाजावरचा उपप्रमुख रायकर. तळावर पुरेसे विधी अधिकारी नसल्यामुळे त्याला आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध उभे राहावे लागते. डेटाची तांत्रिक माहिती चाळताना त्याला बंद करण्याची कळ सापडते, तेव्हा रायकरच्या चेहऱ्यावर आधी विजयाचे हसू उमटते आणि क्षणात ते मावळते. जॉनथन फ्रेक्स यांनी हा पालट एकही शब्द न बोलता दाखवला आहे.

मूळ प्रक्षेपणासाठी कापलेली सुमारे 13 मिनिटे या संचातील विस्तारित आवृत्तीत परत आली आहेत. स्नॉडग्रास यांनी जपून ठेवलेल्या व्हीएचएस फितीच्या आधारे ती जुळवली गेली. फितीवरील मूळ दृश्ये जशीच्या तशी जोडलेली आणखी एक आवृत्तीही संचात आहे, पण ती अभ्यासकांच्याच कामाची. प्रथमच पाहणाऱ्यांनी प्रक्षेपित भागापासून सुरुवात करावी, कारण त्याची गती अधिक बांधीव आहे; विस्तारित आवृत्ती त्यानंतर सवडीने पाहावी.