गोष्ट रचायचा आणि शब्दांच्या जातींचा पत्त्यांचा सेट, दोन महिने वापरून

गोव्यात फोंड्याच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात मिळाला, 280 रुपये. मुलगी चौथीत, मराठी माध्यम, पुढच्या वर्षी पाचवीला इंग्लिश माध्यम सुरू होणार, म्हणजे नाम सर्वनाम आत्ता कळलं नाही तर नाऊन प्रोनाऊन नुसतं घोकत बसणार, म्हणून घेतला.

आत दोन गठ्ठे आहेत. एकात गोष्टीचे भाग, पात्र, स्थळ, वेळ, अडचण, शेवट. दुसऱ्यात शब्द, आठ जातींना आठ रंग. पहिल्यातून प्रत्येकी एक पत्ता उचलायचा आणि दुसऱ्यातले शब्द घालत गोष्ट सांगायची, बस एवढंच.

पण त्या अडचणीच्या पत्त्याने खरंच कमाल केली. आधी हिची गोष्ट म्हणजे एक राजा होता, तो फिरायला गेला, घरी आला, संपलं. आता बघा, पत्ते आले म्हातारा, नदी, संध्याकाळ आणि उशीर, तर हिने आजोबांना रायबंदरच्या धक्क्यावर उभं केलं, चोडण बेटाकडे जाणारी शेवटची फेरीबोट सुटतेय आणि त्यांची औषधांची पिशवी रिक्षात राहिलीय! मी स्वयंपाक सोडून ऐकत बसले. आता आजीने गोष्ट सांगितली तरी मध्येच विचारते, आजी अडचण कुठाय?

व्याकरणाच्या गठ्ठ्यात मात्र एक मोठी चूक आहे. शब्दाला रंग कायमचा देऊन टाकलाय. 'गोड' विशेषणाच्या रंगात. 'गोड आंबा' म्हटलं तर बरोबर, पण 'ती गोड गाते' यात ते क्रियाविशेषण होतं आणि 'आज जेवायला गोड काय केलंय' यात चक्क नाम. 'वर' चंही तेच, 'वर बघ' मध्ये क्रियाविशेषण, 'झाडावर' मध्ये शब्दयोगी. जात शब्दाला चिकटलेली नसते, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ठरते, आणि मुलांना नेमकं हेच कळायला हवं ना. आम्ही असे पत्ते बाजूला काढून मागे पेनाने तीन तीन वाक्यं लिहिली, हिला तो खेळ जास्त आवडला.

नामांमध्ये सगळ्या वस्तू आणि प्राणी, भाववाचक नाम एकही नाही. भीती, राग, आनंद नसेल तर गोष्ट कशी सांगणार? ते पण आम्हीच बनवले.

शब्दयोगी अव्यय हिला पटकन कळलं कारण घरी कोंकणी बोलतो. 'मेजा सकयल' म्हणजे मराठीत 'टेबलाखाली', दोन्हीकडे नाम आधी. इंग्लिशमध्ये 'अंडर द टेबल', तिथे उलटं, हे तिने स्वतःच शोधलं, मी सांगितलं नव्हतं. ही तुलना सेटमध्येच दिली असती तर आपल्याकडच्या मुलांना केवढी मदत झाली असती.

स्थळांच्या पत्त्यांवर बर्फाचा डोंगर आणि राजवाडा आहे. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), काजूची बाग, शिगम्याची मिरवणूक आम्ही पुठ्ठ्यावर काढून घातली. मूळ पत्त्यांचा कागद पातळ आहे, पावसाळी हवेत एकमेकांना चिकटतात, डब्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवा.

तिसरी चौथीच्या मुलांसाठी नक्की घ्या. घेतल्या दिवशीच 'गोड' आणि 'वर' चे पत्ते वेगळे काढा, आणि पहिले आठ दिवस फक्त गोष्टीचा गठ्ठा खेळा, रंगांचा नंतर.