न बदललेल्या क्लचचे १२,७०० रुपये

गेल्या मे महिन्यात चिपळूणहून पुण्याला परतताना कुंभार्ली घाट चढून आम्ही पाटणच्या अलीकडे चहासाठी थांबलो, तेव्हा गाडीतून उतरताच जळका वास नाकात शिरला. गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि ६२ हजार किलोमीटर झालेली. मागे सत्तरी ओलांडलेली आई बसलेली होती आणि दिवस कलत आला होता. टपरीवर उभ्या असलेल्या एका तरुणाने आपणहून जवळ येऊन क्लच गेल्याचे सांगितले आणि पुढच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. त्या वेळी मला तो देवासारखा धावून आल्यासारखे वाटले.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. "मॅडम, घाटात क्लच जळलाय. असंच पुढे गेलात तर रात्री रस्त्यात गाडी बसेल," एवढे एक वाक्य त्याने आईच्या देखत उच्चारले आणि माझा निर्णय झाला. गाडी तिथे ठेवून आम्ही कराडला मावशीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी धुऊन तयार होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी पडलेली क्लच प्लेट त्याने मला उघडून दाखवली. क्लच सेटचे ६,८००, फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती चकती) घासल्याचे १,५००, गिअर ऑइलचे ९०० आणि मजुरी ३,५०० असे १२,७०० रुपये साध्या कागदावर लिहून दिले. पेडल हलके लागत होते, त्यामुळे मी समाधानाने पैसे यूपीआयने भरले आणि घरी दाखवायला म्हणून त्या प्लेटचा फोटो काढून घेतला.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाजवळच्या कोंडीत गाडी थांबली आणि तोच वास पुन्हा आला. बोगद्यापासून तिथपर्यंत सगळा उतार आहे. तिथे क्लचवर ताण येण्याचे काही कारणच नव्हते.

आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रीकाकांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "ताई, वास नेमका कधी येतो? चालताना की थांबल्यावर?" तेव्हा मला आठवले की घाटाच्या आधीही दोनतीन वेळा, गरम गाडी सिग्नलला थांबली असताना, असाच उग्र वास आला होता आणि एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवला की तो कमी होत असे. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेने बोट फिरवले. बोट तेलाने काळे झाले. कव्हराखालचे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरले होते आणि तिथून झिरपणारे ऑइल थेंबाथेंबाने तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, पडून जळत होते. गाडी धावत असताना वारा तो धूर मागे नेतो. थांबल्यावर मात्र तो काचेखालच्या जाळीतून ब्लोअरबरोबर आत येतो. नवे पॅकिंग, सफाई आणि मजुरी धरून १,०५० रुपये झाले.

खरा धक्का त्यानंतर बसला. वास क्लचचा नव्हताच, तर मग क्लच खरोखर बदलला होता का, हे पाहण्यासाठी त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावून टॉर्च धरला. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि त्यासाठी तो इंजिनाला जोडणारे बोल्ट सोडावे लागतात. त्या बोल्टांच्या डोक्यांवर कित्येक पावसाळ्यांचा चिखल वाळून दगडासारखा बसलेला होता. पाना लागल्याची एक चकाकणारी रेघही कुठे नव्हती. गिअर ऑइलचा नटही तसाच मातीने माखलेला. फक्त क्लच केबलचा नट ताजा फिरवलेला होता, म्हणून पेडल हलके लागत होते. फोटोतल्या प्लेटवरचा नंबर मी पार्टच्या दुकानात दाखवला, तेव्हा ती दुसऱ्याच कंपनीच्या डिझेल गाडीची निघाली.

हे वाचणाऱ्यांनी एवढे जरूर करावे, की वास आला म्हणजे आधी तो केव्हा आणि कशानंतर येतो हे स्वतः टिपून ठेवावे, कारण फसवणारा माणूस आपल्या याच अज्ञानावर उभा असतो. क्लच जळतो तेव्हा चढावर किंवा हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवून, गाडी रेंगाळल्यानंतर जळक्या कागदासारखा वास येतो, आणि प्लेट खरोखर संपली असेल तर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. माझ्या गाडीत असे एकदाही झाले नव्हते. घाट उतरल्यावर येणारा वास बहुधा ब्रेकचा असतो आणि एखादेच चाक जास्त तापलेले असेल तर ब्रेक चिकटला आहे का ते पाहावे. गोडसर वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. वायर किंवा प्लॅस्टिक जळल्याचा वास आला तर मात्र क्षणभरही वाट पाहू नये. लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सगळ्यांनी उतरावे. ऑइल गळतीही अनेक महिने अंगावर काढू नये, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर ते पेटू शकते.

गिअरबॉक्स उतरवायचे काम असेल तर तो खाली उतरलेला असतानाच स्वतः जाऊन पाहावे, ते जमणार नसेल तर गाडीच्या नंबर प्लेटसह व्हिडिओ मागावा. जुना पार्ट घरी आणावा. नव्या पार्टचे खोके आणि जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी यातले काहीच केले नाही, कारण आई दमली होती आणि मला घर गाठायचे होते.

गॅरेजवाल्याने दुसऱ्या फोननंतर माझा नंबर उचलणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. बोल्टांचे फोटो, प्लेटचा फोटो, यूपीआयची नोंद आणि मिस्त्रीकाकांनी सही करून दिलेला तपासणीचा कागद जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीसही पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी तक्रारीला शुल्क पडत नाही. नोटिशीची मुदत संपताच मी तिथे अर्ज करणार आहे.