डिजियात्रा घ्यावी की ओळखपत्र दाखवून आत जावं?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पहाटे गेलात की आत शिरायचे दोन मार्ग दिसतात. एकीकडे सीआयएसएफचा जवान तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव बोट ठेवून जुळवत असतो. त्याच्यापुढे पंधरा-वीस माणसं, ट्रॉल्या, कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं पोर. दुसरीकडे काचेचं छोटं फाटक. बोर्डिंग पासचा बारकोड टेकवा, कॅमेऱ्याकडे बघा, फाटक उघडतं. ही डिजियात्रा, फोनवरच्या ॲपमध्ये आधी आधार आणि चेहरा नोंदवून वापरायची सोय. "घेऊ का रे ते ॲप?" असं वर्षभरात इतक्या जणांनी विचारलं, की एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी वेळेचं बोलू, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. दारावर वेळ वाचतो, यात वाद नाही. पण पुढे बॅगा टाकायची रांग आहे, आणि लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा, पट्टा काढा, हात वर करा ही तपासणी दोघांनाही सारखीच. दारावर वाचवलेली दहा मिनिटं मी कितीदा तरी तपासणीच्या रांगेत उभं राहून परत केली आहेत. आता तर सोमवारी सकाळी डिजियात्रेचीच रांग लांब आणि जवानापुढे चार माणसं, असंही दिसतं. फक्त हातातली बॅग घेऊन आठवड्याला एकदा बंगळुरू-दिल्ली करणाऱ्याला फायदा आहे. दिवाळीत फराळाच्या डब्यांसकट निघालेल्या कुटुंबाला नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत जुनी पद्धत सरळ उजवी. जवानाला मतदार ओळखपत्र चालतं, पासपोर्ट चालतो, लायसन्स चालतं. डिजियात्रेची नोंदणी मुख्यतः आधारवर होते, आणि तिथे आपली मराठी नावं आडवी येतात. आधारवर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं तीन पदरी नाव. भाच्याने घाईत काढलेल्या तिकिटावर दोनच शब्द. लग्नाआधीचं नाव कुठे राहिलं असेल तर विचारूच नका. जवान एकदा वर बघतो, समजून जातो. यंत्र समजून घेत नाही. घरातल्या ज्येष्ठांचं ॲप तुम्हाला बसवून द्यायचं असेल, तर आधी हे ताडून बघा.

आता सुरक्षेचं. इथे डिजियात्रेला तिचं श्रेय द्यायला हवं. दारावरच्या जवानाला तिकीट कागदावर किंवा मोबाइलवर दिसतं. ते रद्द झालंय का, त्यात फेरफार केलाय का, हे नजरेने कळत नाही. रद्द तिकिटावर कुणाला सोडायला आत शिरलेली माणसं पकडली जातात, त्या बातम्या आपण वाचतोच. फाटक बोर्डिंग पास विमान कंपनीच्या यादीशी ताडून बघतं आणि चेहरा नोंदवलेल्या फोटोशी. म्हणजे 'हा माणूस तोच आणि त्याचं तिकीट खरं' एवढं ते जवानापेक्षा पक्कं सांगतं. बॅगेत काय आहे, हे त्याला कळत नाही. ते काम एक्स-रे आणि अंगझडतीचंच. शिवाय ही सोय ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला लपायचंय तो शांतपणे दुसऱ्या रांगेत उभा राहणार. देशाच्या सुरक्षेसाठी आपला चेहरा द्यायलाच हवा, हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. ही मुळात गर्दी हलवायची सोय आहे.

खासगीपणाचा मुद्दा जरा सावकाश बघू. सरकारचं म्हणणं असं: तुमची ओळख तुमच्या फोनमध्येच राहते, प्रवासाआधी ती फक्त त्या विमानतळाला जाते, आणि उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. रचना म्हणून हे चांगलं आहे. एका मोठ्या गोदामात सगळे चेहरे साठवण्यापेक्षा कितीतरी बरं. अडचण नियम लिहिणाऱ्याच्या हातात आहे. डिजियात्रेच्या २०१८ च्या धोरणातच लिहिलंय, की सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची मुदत बदलता येईल आणि सुरक्षा यंत्रणांना व सरकारी खात्यांना त्या वेळच्या पद्धतीनुसार प्रवाशांची माहिती देता येईल. २०२४ च्या अखेरीस आयकर खातं ही माहिती वापरणार अशी बातमी आली, आणि लगेच सरकारकडून इन्कारही आला. इन्कार खरा मानू. पण धोरणातलं ते वाक्य तसंच आहे, आणि मी ॲपवर 'सहमत' दाबतो तेव्हा त्यालाही सहमती देतो.

चालवतं कोण, हेही बघा. सुरुवातीच्या रचनेत डिजियात्रा फाउंडेशन या ना-नफा कंपनीत सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के. बाकीचा दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची विमानतळांचा. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज केला, की ही कंपनी त्या कायद्याखाली येत नाही असं उत्तर मिळतं. म्हणजे काम सरकारी दारावरचं, हिशेब मात्र खासगी. संसदेने डिजियात्रेसाठी वेगळा कायदा केलेला नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की खासगीपणावर घाला घालायचा तर आधी कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय त्या प्रमाणातच हवा. डिजियात्रा यातून सुटते ती 'तुम्हीच हो म्हणालात' या एका आधारावर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने संमतीला वजन दिलं खरं, पण त्याच्याच सतराव्या कलमात केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सुरक्षेच्या कारणाने सूट देता येते.

मग ती संमती तरी नीट घेतली जाते का? एका मोठ्या विमानतळावर मी आईचं पाणी भरायला गेलो, तेवढ्यात गणवेशातल्या एका मुलीने हसतमुखाने तिचा बोर्डिंग पास घेतला, तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि "झालं काकू, जा आता" म्हणाली. आई खूश. आपण कशाला हो म्हटलं हे तिला आजही माहीत नाही. तुम्ही नको ठरवलं असेल, तर दारावर स्पष्ट 'नाही' म्हणा. जवानाची रांग दाखवणं हे त्यांचं काम आहे.

माझा कौल असा. महिन्यातून दोन-तीनदा उडत असाल आणि आधार-तिकिटाचं नाव जुळत असेल, तर घ्या, मीही काही काळ वापरलं. वर्षातून दोन-चार खेपा असतील तर कशाला? वाचणारी मिनिटं मोजकी, आणि दिलेला चेहरा पासवर्डासारखा बदलता येत नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, ज्यांच्या येण्याजाण्यात कुणाला रस असू शकतो, त्यांनी तर रांगच धरावी. अर्थात विमानतळावरचे सीसीटीव्ही दोन्ही रांगांवर आहेत, आणि देशांतर्गत तिकिटावरही नाव असतंच. रांग धरल्याने कुणी अदृश्य होत नाही.

परदेशातल्या भावंडांनी डिजियात्रेची काळजी करू नये, ती देशांतर्गत प्रवासापुरती आली आहे. त्यांच्यासाठी २०२५ च्या जानेवारीपासून मुंबईत इमिग्रेशनची वेगळी फास्ट ट्रॅक योजना आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना). तिथे बोटांचे ठसेही द्यावे लागतात, आणि नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं चालते. पण आंतरराष्ट्रीय प्रवाशाच्या बुकिंगचा तपशील २०२२ च्या नियमांनुसार तसाही विमान कंपनीने कस्टम्सला द्यायचा असतो आणि तो पाच वर्षं ठेवला जातो. त्यामुळे तिथे नकार देऊन फारसं काही राखलं जात नाही. बारा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर रांग तेवढी वाचते.