मुलांच्या मणक्याचे स्कॅन: बेळगावातील एका सेंटरचा अनुभव

खानापूरहून पुतण्याला या सेंटरमध्ये नेले, तेव्हा त्याची पाठ एका बाजूला वाकली होती, दुखणे रात्री वाढत होते आणि अन्यत्र काढलेल्या एमआरआयच्या अहवालात मणक्याच्या हाडात सूज आहे, जंतुसंसर्ग किंवा गाठ नाकारता येत नाही, एवढेच लिहिले होते. घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

येथील रेडिओलॉजिस्ट बाईंनी यंत्राकडे नेण्यापूर्वी मुलाला समोर बसवून दुखणे केव्हा वाढते आणि आयब्युप्रोफेनच्या गोळीने उतरते का, हे विचारले आणि पुन्हा एमआरआय न करता केवळ त्या मणक्यापुरता, पातळ छेदांचा आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किरणांची मात्रा कमी केलेला सीटी स्कॅन केला. मणक्याच्या मागच्या कमानीत, पाठीच्या बाकाच्या आतल्या अंगाला, दीड सेंटिमीटरहून लहान गोल केंद्र आणि भोवती घट्ट झालेले हाड स्पष्ट दिसले. निदान ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. एमआरआयमध्ये भोवतालची सूजच एवढी पसरलेली दिसते की मूळ केंद्र तिच्यात हरवते, हे त्यांनी पडद्यावर दाखवून मराठीत समजावले. एमआरआय महाग, म्हणून तोच अधिक चांगला, हा आपल्याकडचा समज येथे लागू पडत नाही. मात्र रक्ताने भरलेल्या पोकळ्यांची गाठ असेल, तर आतल्या द्रवाचे थर आणि मज्जारज्जूवरचा दाब एमआरआयच चांगला दाखवतो, हेही त्यांनी सांगितले.

व्यवस्थेविषयी इतके चांगले लिहिता येत नाही. सकाळची वेळ देऊन दुपार उलटल्यावर बोलावले जाते आणि अहवाल संध्याकाळी मिळतो, त्यामुळे जांबोटीकडच्या माणसाने शेवटची बस गाठायची कशी, हा प्रश्नच आहे. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीतच आहे. काउंटरवरील मुलीने ते मराठीत वाचून दाखवले, पण तिने ते स्वतःहून केले.

फिल्मसोबत सीडी मात्र आठवणीने मागून घ्यावी. सुईतून उष्णता देऊन हे केंद्र जाळता येते, पण ते मज्जातंतूपासून किती अंतरावर आहे हे पाहण्यासाठी मिरज-कोल्हापूरचे डॉक्टर अहवालापेक्षा मूळ चित्रेच मागतात.